बिराजदारबाईंचा पसारा

बिराजदारबाई पहिल्या भेटीत समोरच्याचं पेन काढून घेत. मागून घेत नसत, सरळ काढून घेत. मी कारखान्याच्या ऑफिसात रुजू व्हायला गेले तेव्हा एका हातात नेमणुकीचं पत्र होतं आणि दुसऱ्या हातात बाबांनी बी.कॉम. झाल्याबद्दल दिलेलं नवंकोरं शाईचं पेन. बाईंनी पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. पेन घेतलं, टोपण उघडून नीब पाहिली, "चांगलं हाय" म्हणाल्या आणि टेबलाच्या खणात टाकून खणाला कुलूप लावलं. मग कानामागे खोचलेली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "पेन कधी परत द्यायचं ते मी सांगते," म्हणाल्या. मला वाटलं, बाई वेड्या आहेत. पुढेही माझं मत फारसं बदललं नाही, फक्त त्या वेडाची मला गोडी लागली.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. सोलापुरात तेव्हा घरोघरी घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर लावत. आमचा कारखाना चादरींचा, आणि बाई त्याच्या खर्च विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे तरी काय, एक लांबलचक टेबल, हँडल फिरवून बेरीज करायचं एक यंत्र, बाई आणि मी. बाई होटगीहून सकाळच्या पॅसेंजरनं येत. उंच, आडव्या बांध्याच्या, इरकल साडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि चष्म्याला बांधलेला दोरा. घरी कन्नड, ऑफिसात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. मला त्या 'तंगी' म्हणत. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. त्यांची खरी तंगी महादेवी, तिचं लग्न व्हायचं होतं. आईवडिलांमागे तिला बाईंनीच वाढवलेलं. स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला तर "ती ओळ मी कोरी सोडलीय" एवढंच सांगत.

हे सगळं आज आठवायचं कारण आमच्या शेजारची मुलगी. ती कसल्याशा आर्थिक आराखड्यांच्या कोर्सला निघाली आहे आणि त्याआधी स्प्रेडशीटमधलं काय काय शिकून जाऊ, म्हणून मला विचारायला आली. मी म्हटलं, बस, मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याबद्दल सांगते. मी बाईंच्या इरकल साडीपर्यंत पोचले तोवर ती मोबाईल बघायला लागली. काका, आत्या, शेजारी, कुणी काही सांगायला लागलं की या पिढीचा अंगठा आपोआप हलतो. असो. तिला नको तर नको, इथे लिहून ठेवते.

तर पसारा. आमच्या नक्षीखान्यात चादरीची नक्षी बारीक चौकटींच्या कागदावर काढत. एक चौकट म्हणजे ताण्याचा उभा धागा आणि बाण्याचा आडवा धागा एकमेकांना भेटण्याची एक जागा. चौकट ज्या रंगानं रंगवाल तो रंग चादरीत तिथे वर येणार. त्या कागदाच्या उरलेल्या गुंडाळ्या बाई मागून आणत, खळीनं एकाला एक चिकटवत आणि टेबलभर अंथरत. त्यावर वर्षाचं अंदाजपत्रक मांडायचं. डावीकडून उजवीकडे बारा महिने, एप्रिल ते मार्च. वरून खाली एकेक ओळ, सुताची, रंगाची, मजुरीची, विजेची, विक्रीची. याला बाई पसारा म्हणत. शहाण्या लोकांत याला स्प्रेडशीट म्हणतात हे मला फार नंतर कळलं, आणि तेव्हा मला वाटलं की बाईंचाच शब्द बरा आहे.

मी रुजू होऊन चार-सहा महिने झाले असतील, तेव्हा कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, बोलावून सांगितलं की पुण्याच्या एका संस्थेत आर्थिक आराखड्यांचा कोर्स आहे, आपल्याला एक जागा मिळते आहे. जो जाऊन येईल त्याला कायम करू. मी हंगामी होते. माझे वडील माढ्याला प्राथमिक शाळेत शिक्षक, आणि त्यांनी मला सोलापुरात मावशीकडे राहून नोकरी करायला एका अटीवर सोडलेलं. पाडव्यापर्यंत नोकरी कायम झाली तर ठीक, नाहीतर माढ्याला परत यायचं आणि ते दाखवतील ती मुलं बघायची. एक मुलगा त्यांनी हेरूनही ठेवला होता. त्याचा उसाचा मळा होता आणि फोटोत तो मोटारसायकलवर बसलेला होता. मुलगा वाईट नसेल, पण मला त्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसायचं नव्हतं. तेव्हा पुण्याचा कोर्स म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते समजून घ्या.

अर्जावर विभागप्रमुखाची सही लागत होती. मी नाचत अर्ज घेऊन गेले. बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्या पेनाशेजारी खणात टाकला.

"सही?" मी विचारलं.

"कशाला घाई करायलीस? तिथं जाऊन कोर्स शिकायचाय की पसारा मांडायला शिकायचाय? पसारा हितंच शिकून जा. तिथले लोक मोठं मोठं सांगणार, आणि तू बेरीज जुळवत बसणार. मग मोठं कधी ऐकणार तू?"

"अर्ज महिनाअखेर पुण्याला पोचायला हवा, बाई."

"व्हय की. महिना लई मोठा असतो."

झालं. त्या महिन्यात माझं जे काही झालं ते माझ्या शत्रूचंही होऊ नये. पहिल्याच दिवशी मी एका चौकटीत चारशे लिहिलं. बाईंनी विचारलं, "चारशे काय?" मी म्हटलं, चारशे. "रुपये, किलो, का डझन? आकड्याला आडनाव लाव गं. नुसता चारशे घरी आला तर त्याला आत घेशील का तू?" तेव्हापासून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मी तिचं आडनाव लिहायला लागले. यंत्राचं हँडल फिरवण्याआधी उत्तर तोंडानं सांगावं लागे. "अंदाजे किती येईल?" विचारत. मी काहीतरी सांगायची. मग हँडल फिरवलं की उत्तर माझ्या अंदाजापासून दहा कोस लांब निघे, आणि बाई खूष होत. त्यांचं म्हणणं, एकतर तुझा अंदाज चुकलाय किंवा पसारा चुकलाय, आणि कोण चुकलं ते कळेस्तोवर पुढं जायचं नाही.

आडवी बेरीज आणि उभी बेरीज कोपऱ्यात एकच आली पाहिजे, हा नियम तर सगळेच पाळतात. बाई तो डब्यावर बसून पाळत. ताळा जुळेपर्यंत जेवणाचा डबा उघडायचा नाही, त्यांचाही नाही आणि माझाही नाही. त्यांच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असे, आणि चटणीचा वास झाकणातून बाहेर येई. त्या वासानं माझी बेरीज आणखी चुके. एकदा भोंगा होऊन गेला, सगळं ऑफिस जेवून परत आलं, तरी आमचं चाललेलंच. शेवटी जुळलं तेव्हा बाई म्हणाल्या, "साकू, आता जेव," आणि स्वतःच्या डब्यातली निम्मी चटणी माझ्या भाकरीवर ओतली. साकू म्हणजे पुरे. इतकी गोड चटणी मी नंतर कधी खाल्ली नाही, आणि शेंगाचटणी गोड नसते हे मलाही ठाऊक आहे.

पण त्यांची खरी गंमत पट्टीत होती. सुताचा भाव समजा कागदाच्या एका पट्टीवर लिहिला. ती पट्टी वरच्या ओळीत ठेवायची आणि महिन्यामागून महिना सरकवत न्यायची. भाव लिहायचा तो फक्त तिथे, त्या एका जागी. खाली कुठे तोच भाव पुन्हा लिहिलेला दिसला की बाई कागदाचा तेवढा तुकडा कात्रीनं कापून काढत आणि मला परत देत. "एक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की त्या दोघी एक दिवस भांडणार," म्हणत. रोज सकाळी होटगीहून उतरून आल्या की पर्स ठेवायच्या आधी जाहीर करत, "सूत महागलं." किंवा, "दोन माग बंद पडले." आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहत. मी पट्टी बदलायची आणि तिच्यामुळे काय काय बदलतं ते वरून खाली शोधत जायचं. पहिल्या आठवड्यात मला अख्खा दिवस लागे. पुढे पुढे बाईंचा चहा संपायच्या आत होऊ लागलं. कोर्समध्ये यालाच 'असं झालं तर काय' म्हणून एक पूर्ण दिवस दिला होता.

हे त्या फक्त कारखान्यापुरतं करत होत्या असं नाही. त्याच सुमारास महादेवीचं लग्न ठरलं, अक्कलकोटच्या मुलाशी. बाईंनी लग्नाचा पसारा मांडला. वर लाल पेन्सिलीनं एकच आकडा, पाहुणे. खाली गहू, गूळ, डाळ, तेल, पत्रावळी, आचारी, सगळं त्या एका आकड्यावरून काढलेलं. लग्नाच्या आधी दोन दिवस व्याह्यांनी निरोप पाठवला की आमच्याकडून दुप्पट माणसं येतील, राग मानू नका. होटगीतल्या सगळ्या बायका हवालदिल. मी मदतीला गेले होते. बाईंनी चष्मा लावला, वरचा आकडा खोडून नवा लिहिला आणि मला म्हणाल्या, "तंगी, खाली उतर." मी ओट्यावर बसून एकेक ओळ खाली उतरत गेले आणि चहाच्या वेळेला किराणा दुकानदाराकडे नवी यादी गेली. पंगतीत काही कमी पडलं नाही. फक्त मांडवातल्या जागेची ओळ आम्ही धरलीच नव्हती, त्यामुळे निम्मे पाहुणे रेल्वेच्या कुंपणाला टेकून जेवले. बाईंनी तीही चूक घरी जाऊन लिहून घेतली.

महिना अर्धा संपला. शेवटची परीक्षा म्हणून त्यांनी सांगितलं, "पुढच्या वर्षाचा पसारा तू एकटीनं मांड. पण आकडा लिहायचा न्हाय. नुसता रंग." ही त्यांची पद्धत मला तोवर माहीत झाली होती. आपण ठरवलेली गोष्ट, म्हणजे सुताचा भाव, मजुरीचा दर, मागांची संख्या, ती लाल. त्यातून हिशेबानं निघालेली गोष्ट निळी. लाल सगळं वर, निळं सगळं खाली. आणि एक ओळ सुरू झाली की एप्रिलला जो नियम तोच मार्चपर्यंत. रंगांचा असा नकाशा बरोबर असेल तर आकडे नंतर शिपाईसुद्धा भरेल, असं त्या म्हणत. मी दोन दिवस खपून नकाशा रंगवला. इतका देखणा झाला की मी तो मावशीलाही नेऊन दाखवला. मावशी म्हणाली, छान आहे, कशाचं चित्र आहे?

बाईंनी नकाशा पाहिला. एप्रिलपासून मार्चपर्यंत त्यांचं बोट फिरलं, एके ठिकाणी थांबलं न थांबलं असं झालं, आणि त्या म्हणाल्या, "एक चूक हाय."

"कुठे?"

"ते तू सांग. सांगितलंस की सही."

मी शोधायला लागले. ओळी तपासल्या, आडनावं तपासली, लाल मोजले, निळे मोजले. चूक म्हणून काही दिसेना. प्रत्येक चौकटीबद्दल मी विचारी, ही का लाल, ही का निळी, आणि प्रत्येकीचं कारण मला तोंडपाठ. साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं की अर्जाची तारीख जवळ आली, सही करून टाका, पोरगी हुशार आहे. बाई म्हणाल्या, "हुशार हाय म्हणून तर थांबलेय." घरून बाबांचं पत्र आलं की उसाच्या मळ्याची मंडळी पाडव्याला यायचं म्हणतात, त्यांना काय कळवू. त्या संध्याकाळी मला बाईंचा इतका राग आला की पसाऱ्याची गुंडाळी करून मी ती जाण्यायेण्याच्या वाटेवरच्या मांडणीत आदळली आणि चालती झाले.

दुसऱ्या दिवशी गुंडाळी तिथे नव्हती. सगळीकडे शोधली. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, मांडणीतल्या गुंडाळ्या मी रोज संध्याकाळी जिथल्या तिथे पोचवतो. जिथल्या तिथे म्हणजे कुठे, हे त्याला आठवेना. रडायला वेळ नव्हता, म्हणून मी आठवणीनं दुसरा नकाशा काढला. बाईंना दाखवला. त्यांनी एक नजर टाकली आणि मान हलवली. "चूकसुद्धा आठवणीनं काढलीस की," म्हणाल्या. मी आठवणीनं चूक काढली होती आणि ती कुठे आहे ते मला आठवत नव्हतं. असला प्रकार माझ्याच बाबतीत होऊ शकतो.

तारखेला तीन-चार दिवस उरले असतील. नवीन नक्षीची चादर विणून झाली की तिचं वजन करून खर्च काढायचं काम आमच्या विभागाचं. नमुन्यांच्या खोलीतून निरोप आला की एक नमुना तयार आहे. मी फूटपट्टी आणि वही घेऊन गेले. दारातच थांबले. समोर दोरीवर माझं अंदाजपत्रक लोंबकळत होतं.

पांढऱ्या जमिनीवर वर लाल पट्टे, खाली निळ्या ओळी, मध्ये कोऱ्या जागा, जशाच्या तशा. तीच नक्षी एकाशेजारी एक आणि एकाखाली एक, अख्खी चादरभर. शेजारी नरसय्या उभा होता. नक्षीचा कागद बघून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, म्हणजे मागाला नक्षी कळते, हे काम त्याचं. नक्षीचे मास्तर गावाला गेले होते. गुंडाळी त्याच्या टेबलावर आली, चौकटींचा कागद, त्यावर रंग, आकडा एक नाही. त्याला वाटलं मास्तर जाताना ठेवून गेले. त्यानं मन लावून भोकं पाडली आणि मागावर चढवून मोकळा झाला.

"कशी झालीय, ताई?" त्यानं विचारलं. "वेगळीच हाय नक्षी. निळं निळं चाललंय आणि मधीच एक लाल. मास्तरनी तीट लावली असंल, मी म्हटलं. दृष्ट लागू नये म्हणून."

मी पाहिलं. खरंच, प्रत्येक नक्षीत, एका निळ्या ओळीत, एक लाल टिकली. कागदावर ती एकच होती. इथे ती चादरभर ओळीनं उभी होती आणि आंधळ्यालाही दिसली असती. मी नक्षीच्या डाव्या कडेपासून बोटानं मोजत गेले. एप्रिल, मे, जून. टिकली दहाव्या जागी होती. ओळ उत्पादनाची.

माझ्यामागे बाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी चादर पाहिली, नरसय्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसले तरी हसत होत्या. मी मात्र हसत नव्हते.

"बाई, जानेवारी," मी म्हटलं.

"जानेवारीचं काय?"

"गड्डा. गड्ड्याच्या जत्रेत कामगार येत नाहीत. म्हणून जानेवारीचं उत्पादन मी हातानं कमी धरलं. बाकीचे महिने मागांवरून काढले."

"मग नियम बदलला का न्हाय मधीच?"

"बदलला. कामाचे दिवस अशी एक लाल ओळ वर घ्यायला हवी होती. जानेवारीत दिवस कमी लिहिले असते तर उत्पादन आपोआप निळं आलं असतं."

"मग का न्हाय घेतलीस ती ओळ?"

"गड्ड्याला काम बंद असतं हे सगळ्यांना माहीतच असतं ना, बाई."

बाई हसायच्या थांबल्या. "सोलापुरात माहीत असतं. पुण्याच्या मास्तरला कोण सांगणार? तुझी चादर? हे बघ तंगी, जे सगळ्यांना ठाऊक हाय ते पहिल्या ओळीत लिहायचं. जे ठाऊक न्हाय ते माणूस विचारतो तरी."

आम्ही विभागात परत आलो. बाईंनी खणाचं कुलूप काढलं, अर्ज बाहेर काढला आणि माझं पेनही. माझ्याच पेनानं सही केली, पेन पुसलं आणि मला परत दिलं. मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात कधी कोर्सला? त्या म्हणाल्या, "दोनदा मागितलं की. बायकांच्या राहायची सोय न्हाय म्हणाले. आता सोय हाय, तर माझे गुडघे न्हाय म्हणतात." आणि अर्ज पाकिटात घालून पाकिटाला जीभ लावली.

चादरीचं पुढे काय झालं तेही सांगते. साहेब आधी तापले. इतकं सूत फुकट घालवलं, कुणाच्या टेबलावरचा कागद हा? बाई म्हणाल्या, माझ्या. तेवढ्यात नमुने बघायला गुलबर्ग्याचे एक व्यापारी आलेले, त्यांची नजर दोरीवर गेली. बाईंशी ते कन्नडमध्ये बराच वेळ बोलले. बाई परत आल्या त्या हसू दाबायला गाल आत ओढून. व्यापाऱ्यांना चादर पसंत होती. साहेबांनी घाईनं सांगितलं की नक्षीत एक चूक आहे, ती काढून देतो. व्यापारी म्हणाले, ती लाल टिकली आहे म्हणून तर घेतोय, टिकली राहू द्या. अशा तऱ्हेनं माझी चूक गठ्ठ्यांनी गुलबर्ग्याला गेली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, "जाऊ दे की. चूक कागदात नको. चादरीत असली तर ऊब कमी व्हत न्हाय." पहिला नमुना मात्र त्यांनी साहेबांकडून मागून घेतला आणि पिशवीत घालून होटगीला नेला.

पुण्यात पहिल्या दिवशी सरांनी एका कारखान्याचं वर्षाचं अंदाजपत्रक मांडायला सांगितलं. मी पेन्सिल काढली आणि सगळ्यात वर लिहिलं, कामाचे दिवस. जानेवारीच्या चौकटीत दिवस कमी. सरांनी विचारलं, हे कमी का? मी म्हटलं, आमच्याकडे गड्डा असतो. वर्गात कुणालाच गड्डा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी सांगितला, जत्रा, नंदीध्वज, सगळं गाव रस्त्यावर. सर म्हणाले, हे बरं केलंत वर लिहिलंत ते, नाहीतर मला वाटलं असतं तुम्ही चुकलात. मला त्या क्षणी बाईंची इतकी आठवण आली की मी संध्याकाळी पोस्टात जाऊन त्यांना कार्ड टाकलं. उत्तर आलं एका ओळीचं. 'तिथं खायला नीट देतात का ते लिही.'

मी परत आले, कायम झाले. उसाच्या मळ्याच्या मुलानं दुसरी मुलगी केली आणि मी ऐकते ती दोघं सुखात आहेत. वर्षभरानं बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला आपल्या कानामागची पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, भेटायला ये. मी येते म्हटलं. होटगी काही लांब नाही, पॅसेंजर रोज जाते. पण पुढच्याच पावसाळ्यात निरोप आला की बाई झोपेत गेल्या.

मी होटगीला गेले तेव्हा घर आवरायला महादेवी अक्कलकोटहून आली होती. तिनं मला पाणी दिलं, आणि बसायला म्हणून पेटीतून एक चादर काढून अंथरली. मी ओळखली. माझा नमुना, लाल पट्टे, निळ्या ओळी, ओळीनं लाल टिकल्या. इतक्या दिवसांत एकदाही वापरलेली नसावी, घड्या अजून तशाच होत्या.

"कधी पांघरली न्हाय अक्कानं," महादेवी म्हणाली. "तुमी पुण्याला गेलता तेव्हा मी हितं होते, माहेरपणाला. चष्मा लावून बसली होती ही घेऊन, सुई घेऊन. मी म्हटलं, फाटलीय का? तर म्हणाली, पोरगीनं चूक शोधली, मग आपण दुरुस्त करायला नको का?"

मी वाकून पाहिलं. वरच्या डाव्या कोपऱ्यातली पहिली नक्षी. तिथल्या लाल टिकलीवर निळ्या दोऱ्यानं बारीक रफू केलेलं होतं. बाकी चादरभर टिकल्या तशाच होत्या, फक्त ही एक निळी. आणि त्या नक्षीच्या वर, पांढऱ्या काठात, पूर्वी काहीच नव्हतं तिथे लाल दोऱ्याचे टाके एका ओळीत घातलेले होते. कामाचे दिवस. मला रडू आवरलं नाही, आणि मी आवरायला गेलेही नाही. महादेवी घाबरून विचारायला लागली, काय झालं, काय झालं. मी बोटानं टाके मोजत गेले, एप्रिल, मे, जून, असे बारा होते. दहावा टाका बाकीच्यांपेक्षा आखूड होता.